पोटरीतला दोर

या सगळ्या प्रकरणात अनिरुद्धरावांना मिळण्यासारखं एकच होतं. मेहुण्यानं, म्हणजे रंगरावांनी, चारचौघांत तोंड उघडून म्हणावं, "भावोजी, तुमचं खरं." बाकी कशाची उणीव नव्हती. पेन्शन वेळेवर येत होती, गुडघे चालत होते, मुलगी बंगळूरला सुखात होती. तंजावरच्या कॉलेजात उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला या वयात आणखी काय हवं असतं? पण हे एक वाक्य त्यांच्या खात्यावर लग्न झाल्यापासून कधी जमा झालं नव्हतं, आणि ते जमा व्हावं म्हणून त्यांनी जेवढा श्वास खर्चला तेवढ्यात दुसऱ्या कोणी नादस्वर फुंकायला शिकून घेतला असता.

रंगरावही कच्चे नव्हते. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते तिरुवैयारूला नदीच्या जवळ राहत आणि कीर्तन करत. गात मराठीत, समजावून सांगत तमिळमध्ये. कारण समोर बसलेल्या मराठी घरांतल्या पोरांना मराठी अर्धीमुर्धी कळे, आणि बोलायची वेळ आली की ती एकमेकांकडे बघत. त्यांच्या कीर्तनात एक ठरलेली जागा होती. देवानं डोळे दिले ते दर्शनाला, कान दिले ते कथेला, जीभ दिली ती नामाला, आणि हात दिला तो वीणेला. 'वीणेला' म्हणताना ते बाजूला बसलेल्या वाणीकडे, आपल्या मुलीकडे, बघत. तिची वीणा तेवढ्यात एक लहानसा स्वर उचलून ठेवी. लोक मान हलवत. मागच्या रांगेत अनिरुद्धराव खोकत.

खोकल्याचा निकाल मग घरी, कॉफी पिताना लागे.

"हात वीणेला दिला म्हणता," अनिरुद्धराव सुरू करत. "वीणा किती जुनी? तुम्ही म्हणाल तेवढी धरू. हात त्याच्या कितीतरी आधीचा. मग वीणा येईपर्यंत तो काय वाट बघत बसला होता?"

"बसला होता की! मी नाही बसलो बढतीसाठी?"

"रंगराव, अवयव काय काय करतो ते वेगळं, आणि कशामुळे तो इथवर टिकला ते वेगळं. देवळाचा रथ ओढला की चाक करकरतं. म्हणून चाक करकरायला बसवलंय का? हृदय धडधडतं, त्यावर तुम्ही लय धरता. धरा. पण हृदय आहे ते रक्त फिरवतं म्हणून. ज्यांचं नीट फिरलं ते जगले, त्यांना पोरं झाली, पोरांना तसंच हृदय आलं. 'कशासाठी' या शब्दाचा अर्थ तेवढाच."

"आणि चाक बसवलं कोणी?"

"तिथंच तर गंमत आहे. कोणी नाही."

"मग माझंच चाक बरं. त्याला सुतार तरी आहे."

सरोजाबाई, म्हणजे एकाची बायको आणि दुसऱ्याची धाकटी बहीण, लोटे उचलून नेत. "दोघांना गार कॉफी आवडते, हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं," एवढंच त्यांचं या विषयावरचं मत.

वाणी या वादात कधी पडली नाही. अडतिशी उलटलेली, लग्न न केलेली, सकाळ-संध्याकाळ घरी शिकवण्या घेणारी. तिच्याकडे वीणा शिकायला कुंभकोणमहून मुली येत. लोक सांगत की तिची डाव्या हाताची तर्जनी तारेला नुसती दाबत नाही. तार पडद्यावर आडवी ओढत ओढत ती एकाच जागेवरून वरचे तीन स्वर काढून दाखवते, आणि तिसरा स्वर येतो तेव्हा समोरच्याचा श्वास थोडा वेळ तिच्या ताब्यात असतो. ही त्या घरची खरी मिळकत.

आषाढात रंगरावांच्या आईचं श्राद्ध होतं. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात, तोही त्याच गोत्राच्या बाईनं करायचा, असा रंगरावांचा कडक नेम. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरोजाबाई पोटची मुलगी खरी, पण लग्नानं दुसऱ्या गोत्रात गेलेली. तिनं बाहेरच्या बाजूला बसून नारळ किसायचा. चुलीपाशी एकटी वाणी. सुरण चिरताना विळीवरून हात घसरला आणि डाव्या तर्जनीच्या मुळाशी पातं आत गेलं.

बाहेर ब्राह्मण येऊन बसले होते. संकल्प झाला होता. स्वयंपाकघरात रक्त सांडलं हे कळलं असतं तर सगळं अन्न टाकून द्यावं लागलं असतं, श्राद्ध मोडलं असतं, आजी उपाशी गेली असती. वाणीनं बोटावर मूठभर हळद दाबली, लुगड्याचा काठ फाडून करकचून बांधला, सुरण उचलून मागच्या अंगणात फेकलं, विळी धुतली आणि एका हातानं उरलेला स्वयंपाक केला. वाढताना डावा हात पदराखाली. जेवणं झाल्यावर रंगरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणि ब्राह्मण रीतीप्रमाणे म्हणाले, तृप्त झालो. सुरण कुठं गेलं हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी तिनं आत्याला सांगितलं. गल्लीतल्या दवाखान्यात टाके पडले. कातडी शिवली गेली. बोट वाकवून दाखव असं कोणी म्हटलं नाही, आणि पट्टीतलं सुजलेलं बोट वाकत नाही यात वाणीलाही काही वावगं वाटलं नाही. रंगरावांना सांगितलं, किसणी लागली. ते म्हणाले, तेल लाव, सुटेल. महिना गेला, सूज गेली, जखम भरली. बोट सरळच राहिलं. चार बोटं मिटत, हे एक कोणाला तरी रस्ता दाखवल्यासारखं ताठ.

तेव्हा तंजावरला डॉक्टर सतीशकुमारांकडे नेलं. ते हाताच्या शस्त्रक्रिया करत, आणि मेडिकलला जाण्याआधी अनिरुद्धरावांच्या वर्गात बसले होते. त्यांनी बोट हातात घेतलं, हळूच दाबून पाहिलं आणि वाणीला दुसऱ्या खोलीत फोटो काढायला पाठवलं. मग तिघा वडीलधाऱ्यांकडे वळले.

"बोट वाकवणारा स्नायू बोटात नसतो, तो इथं वर असतो," त्यांनी स्वतःच्या कोपराखाली हात ठेवला. "तिथून दोर येतो, टेंडन. तो बोटाला ओढतो. एका बोटाला असे दोन. वाणी अम्मांचे दोन्ही दोर तुटलेत. त्याच दिवशी आल्या असत्या तर टोकं जुळवून शिवली असती. आता टोकं मागं सरकलीत, आखडलीत. मधे नवा दोर घालावा लागेल."

"त्याच दिवशी?" रंगराव म्हणाले. "किसणी लागली त्याच दिवशी?"

सरोजाबाईंनी मग सगळं सांगितलं. रंगराव भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिले.

"नवा दोर आणायचा कुठून?" अनिरुद्धरावांनी विषय पुढं ढकलला.

डॉक्टर हसले. "सर, तो तर तुम्हीच शिकवलात. मनगटातला. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट थोडं आत वाकवा. मधोमध जी दोरी वर येते ती. तुम्ही वर्गात म्हणायचात, झाडावर राहायचो तेव्हाचं सामान, आता बिनकामाचं, काढून टाकलं तरी कळणार नाही. काढून टाकलं तरी कळत नाही म्हणूनच आम्ही ते काढतो. तुटलेल्या बोटात घालायला याहून चांगला दोर नाही."

रंगरावांच्या चेहऱ्यावर, तेवढ्या दुःखातही, थोडा रंग आला. त्यांनी अंगठा करंगळीला लावला. मनगटावर जाडजूड दोरी उभी राहिली. दुसऱ्या हातालाही. "भावोजी," ते म्हणाले, "बिनकामाचं म्हणे! ठेवणाऱ्यानं बघा कसं जपून ठेवलंय. घरात जास्तीची सुतळी ठेवतो तशी."

"सुतळी ठेवणाऱ्याला ठाऊक असतं की कधीतरी पोतं फाटणार," अनिरुद्धराव म्हणाले. "हे कोणी ठेवलं नाही. गेलं नाही म्हणून राहिलं." पण बोलता बोलता त्यांनीही मनगट वाकवून पाहिलं. एकाच हातात होती. सरोजाबाईंच्या दोन्ही हातांत. बाकावर बसलेल्या दोन अनोळखी बायकांनी यांचं बघून बोटं जुळवली; एकीची दिसली, एकीची नाही, आणि जिची नाही ती उगाच घाबरली. "काही नाही अम्मा," डॉक्टर म्हणाले, "सहा-सात जणांत एखाद्याला नसतेच." नागलक्ष्मी नावाची नर्स ट्रे घेऊन जाताना थांबली आणि तिनंही करून पाहिलं. दवाखान्याच्या त्या बोळात थोडा वेळ सगळे जण मनगटाकडे बघत उभे होते, एखादा नवस फेडायला आल्यासारखे.

वाणी परत आली. "काय चाललंय?"

"अंगठा आणि करंगळी जुळव," रंगराव जवळजवळ आनंदानं म्हणाले. "आता आत वाकव. हां."

तिनं वाकवलं. मनगट सपाट. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, बोटानं चाचपलं. "दुसरा." दुसराही सपाट. कातडीखाली निळ्या शिरा होत्या, आणि मधोमध, जिथं बाकी सगळ्यांची दोरी, तिथं काही नव्हतं.

नागलक्ष्मीनं आपला हात ट्रेखाली घेतला.

अनिरुद्धरावांच्या पुढ्यात आता ते सगळं येऊन पडलं होतं ज्याची त्यांनी जन्मभर वाट पाहिली. ठेवणाऱ्यानं जपून ठेवली म्हणता, मग जिला हवी तिलाच का नाही? कचेरीतल्या कारकुनाला दोन-दोन, वीणेवाल्या मुलीला एकही नाही, हा कसला ठेवणारा? वाक्य तयार होतं. धार लावलेलं होतं. रंगराव त्यांच्याकडेच बघत होते, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखे.

अनिरुद्धरावांनी ते तसंच गिळलं आणि आपल्या मनगटावर बाही ओढून घेतली.

तेव्हा रंगरावच म्हणाले. चारचौघांत, बाकावरच्या त्या दोन बायकांसमोर, अगदी हलक्या आवाजात. "भावोजी, तुमचं खरं."

झालं जमा. सरोजाबाई पुढं सांगत, की यांचा चेहरा असा झाला जसं कोणी यांना दुसऱ्याच्या घरचं ताट वाढून दिलं.

डॉक्टरांनी सांगितलं, निराश होऊ नका, पोटरीत असाच आणखी एक दोर असतो. बारीक, लांब. पण तोही सगळ्यांना नसतो, आणि वरून दिसत नाही. यंत्रानं बघावं लागेल. ते यंत्र चालवणारे डॉक्टर अमावास्येनंतर येतील. पोटरीतही नसला तर पायाच्या बोटांना वर उचलणारा एखादा घेऊ. चालेल, पण वीणा वाजवण्याइतकं चालेल का, याचं वचन मी देत नाही.

तिरुवैयारूला परतल्यावर रंगरावांनी मुलीला एकच विचारलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही श्राद्ध मोडलं असतं का, अप्पा?"

ते आत गेले. वाणी वीणेपाशी बसली. वीणेवर रेशमी कापड टाकलेलं होतं, आजाऱ्यावर टाकतात तसं. अनिरुद्धराव समोरच्या खुर्चीत होते. उठून जाणं बरं दिसलं नसतं.

"आतोबा, तुमच्या शास्त्रात बोट म्हणजे फांदी धरायला, ना?"

"मुळात तसंच."

"फांदी धरायची ती जगायला. जगायचं ते पोरं व्हायला."

"फार थोडक्यात सांगायचं तर... होय."

"मला पोरं नाहीत. फांदी धरायची नाही. मग हे बोट गेलं तर तुमच्या शास्त्राचं काय गेलं?"

उभ्या जन्मात वर्गानं विचारलेल्या प्रश्नांना अनिरुद्धरावांपाशी उत्तर नव्हतं असं झालं नव्हतं. निदान ते कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शास्त्राचं काही जाणार नाही," ते म्हणाले. "माझं जाईल."

वाणी किंचित हसली. "सरी, असू दे, हे अप्पांना नको सांगायला. ते तुम्हाला कीर्तनाला उभं करतील."

महालयाची अमावास्या आली. रंगराव दरवर्षी कावेरीच्या घाटावर तर्पण करत. अनिरुद्धरावांनी ते कधीच सोडून दिलं होतं. पण सरोजाबाईंनी नवऱ्याला सकाळी उठवून हातात छत्री दिली. "अण्णा दवाखान्यातून आल्यापासून बोलत नाहीत. आज एकटे नकोत. तुम्ही नुसतं पायरीवर बसा."

ते पायरीवर बसले. नदी भरलेली होती, मातकट, घाईत. पाण्यात गुडघाभर उभी असलेली माणसं. जरीचं धोतर, सुती धोतर, लुंगी, सगळ्यांचे हात एकाच आकाराचे. ओंजळीत पाणी आणि तीळ, आणि पितरांचं पाणी सोडायचं ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. अनिरुद्धरावांनी अंगठ्यावर किती वर्षं तास घेतले होते. अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो, हीच माणसाची खूण, असं फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण एवढे अंगठे एका वेळी, एका कामात, त्यांनी कधी पाहिले नव्हते. पाणी त्या फटीतून धारेनं उतरत होतं. प्रत्येक जण मागं मागं जात होता: वडील, आजोबा, पणजोबा. तीन पिढ्या आणि थांबत होता. ते मात्र थांबू शकले नाहीत. पणजोबाच्या पणजोबाच्याही मागचा कोणी, जो मराठ्यांच्या फौजेबरोबर इथं आला असेल. त्याचा कोणी, ज्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या मागं कोणी, ज्याला बोलता येत नव्हतं. त्याच्या मागं कोणी फांदीवर, ओल्या रात्री, वाऱ्यात, पाठीशी पिल्लू, आणि फांदीभोवती मिटलेली ही बोटं. हीच.

हे सगळं त्यांना ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं होतं. ठाऊक असणं आणि समोर उभं राहणं यांत इतकं अंतर असेल असं मात्र ठाऊक नव्हतं.

रंगराव वर आले. ओलं उपरणं घडी घालून त्यांनी पायरीच्या कडेला धरलं आणि पिळलं. पाणी दगडावर पडलं. हे अनिरुद्धरावांनी लहानपणी पाहिलं होतं, कधी विचारलं नव्हतं.

"हे कोणाला?"

"आपल्या वंशात जे मूलबाळ न होता गेले त्यांना," रंगराव म्हणाले. "ज्यांना पाणी द्यायला मागं कोणी नाही. त्यांची नावं माहीत नसतात. म्हणून ओंजळीनं नाही, पिळून द्यायचं. आमचे वडील असं सांगत."

अनिरुद्धराव उठून उभे राहिले. छत्री पायरीवरून घरंगळली, ती धरायला ते वाकले नाहीत.

"रंगराव, ऐका. तुमच्या-माझ्या सरळ पूर्वजांत मूल न होता गेलेला एकही नाही. कितीही मागं जा. माकडापर्यंत, माशापर्यंत. एकही नाही! नाहीतर आपण इथं नसतो. सगळेच्या सगळे धरून राहिलेले."

"बरं."

"पण हात धरायला शिकला कसा? कोणी शिकवलं नाही. ज्यांची मूठ ढिली होती ते पडले. पोरं व्हायच्या आधी पडले. म्हणून ढिली मूठ पुढं आली नाही, घट्ट तेवढी आली. मी वर्गात नेहमी धरून राहिलेल्यांची गोष्ट सांगितली. हा हात घडवला तो पडलेल्यांनी. ते कोणाचे आजोबा नाहीत, कोणाच्या ओंजळीत नाहीत. मला वाटायचं, त्यांची आठवण ठेवणारं जगात कोणी नाही. आणि तुम्ही इथं दरवर्षी..." त्यांनी दगडावरच्या ओलीकडे बोट दाखवलं.

रंगरावांनी त्यांच्याकडे, मग दगडाकडे पाहिलं. "मी माकडांना देत नाही हं, भावोजी."

"आजपासून द्या की थोडं."

वाणीचं नाव दोघांनीही काढलं नाही. तीही एक दिवस याच पाण्याची धनी, हे दोघांच्याही मनात एकाच वेळी आलं आणि दोघांनीही तोंड नदीकडे केलं. थोड्या वेळानं रंगरावांनी उपरणं पुन्हा नदीत बुडवलं आणि ओलं तसंच मेहुण्याच्या हातात दिलं. अनिरुद्धरावांनी पिळलं. दोन्ही मुठी उलटसुलट फिरल्या, दहाही बोटं मिटली, मनगटाच्या आतून काहीतरी ताणलं गेलं, आणि पाणी पडलं.

यंत्रानं पोटरी तपासली. उजवीकडे नव्हता. डावीकडे होता. काळ्या पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ.

शस्त्रक्रियेला वाणी जागी होती. कमरेखाली बधिर केलेलं, हातही बधिर, पण बोटाला हलवायची शक्ती राहील अशा बेतानं. ते तिनं स्वतःच मग सांगितलं, खाटेवर, हात उशीवर ठेवून, आणि तिचे डोळे अजून तिथंच होते.

"डॉक्टरांनी तो चिमट्यात धरून दाखवला, आतोबा. पांढरा. मोत्यासारखी चमक त्याला. इतका लांब असेल असं वाटलं नव्हतं, आणि इतका बारीक! म्हणाले, बघा अम्मा, माकडाच्या पायाची बोटं वळतात ती याच्यानं, फांदीभोवती. माणसात तो बोटांपर्यंत पोचतच नाही, टाचेपाशी येऊन संपतो. काही काम नाही. मग त्यांनी तो बोटातून ओवला. सुईत दोरा ओवतात तसा, बोटभर आतून. दोन्ही टोकं शिवली. मग सगळे माझ्या बोटाकडे वळले. ती नागलक्ष्मी सुद्धा, हातातला ट्रे ठेवून. डॉक्टर म्हणाले, वाकवा."

"मग?"

"मी मनात म्हटलं, वाक. आणि वाकलं."

रंगरावांनी डोळे पुसले. अनिरुद्धराव खिडकीशी उभे होते.

"डॉक्टर म्हणाले, कितीही वेळा केलं तरी या घटकेला त्यांचा श्वास थांबतो. आतोबा, मला एकच कळत नाही. त्या दोराला कोणी सांगितलं नव्हतं की तू आता हातात आहेस."

"त्याला पायात असतानाही कोणी सांगितलं नव्हतं," अनिरुद्धराव म्हणाले. "त्याला फक्त ओढ कळते. एका टोकाला ओढलं की दुसऱ्या टोकाला पोचवायचं. फांदी होती तेव्हा फांदी. मधे काही नव्हतं, तेव्हा काही नाही. आता तार." ते खिडकीकडून वाणीकडे वळले. "त्या दिवशी तू विचारलंस, तुमच्या शास्त्राचं काय गेलं. मी तेव्हा नीट बोललो नाही. 'कशासाठी' म्हणजे तो कुठून आला, एवढंच मला सांगता येतं. कुठं जायचं याचा हुकूम त्यात नाही. मी तो हुकूम समजून शिकवत आलो."

"पायाची बोटं फांदीला वळवणारा दोर," रंगराव स्वतःशीच म्हणाले, "हाताचं बोट तारेला वळवतोय. भावोजी, हे कोणी ठरवलेलं नाही म्हणता?"

"नाही."

"मग तर जास्तच नमस्कार करायला हवा."

यावर अनिरुद्धराव खोकले नाहीत.

पुढचे महिने सोपे नव्हते. नव्या जागी तो दोर आधी नुसता पाहुणा असतो. त्याला रक्त नसतं, आजूबाजूच्या ओलाव्यावर तगतो, मग हळूहळू शेजारच्या पेशी त्यात उतरतात आणि त्याला घरचा करून घेतात. तोवर जास्त हलवलं तर तुटतो, कमी हलवलं तर चिकटून बसतो. वाणीनं दोन्हींच्या मधली वाट शिष्याच्या चिकाटीनं धरली. पौषातल्या संगीत उत्सवाची, आराधनेची, गर्दी गावातून ओसरली, कावेरी आटून वाळू दिसू लागली, तेव्हा एका सकाळी तिनं वीणेवरचं कापड काढलं.

रंगराव दाराबाहेर उभे राहिले. अनिरुद्धरावांना सरोजाबाईंनी हाताला धरून बसवलं.

तिनं तर्जनी पडद्यावर टेकवली, तार छेडली आणि ओढली. पहिला स्वर वर चढला. थोडा थरथरला, पण चढला. दुसरा आला. ती तिसऱ्याकडे निघाली. बोट पांढरं पडलं, ओठ मिटले. स्वर अर्ध्या वाटेवर पोचला, तिथं क्षणभर टांगून राहिला आणि परत आला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. मग तिनं मधलं बोट शेजारी आणून टेकवलं, दोघांनी मिळून तार नेली, आणि तिसरा स्वर आला. पूर्वीचा नव्हता. पूर्वीचा एका बोटाचा होता, धारेसारखा. याला दोघांच्या चालीचा जडपणा होता. पण तो आला, आणि खोलीतल्या कोणाला श्वास घेण्याची घाई नव्हती.

आता हिशेब. रंगरावांनी दिला तो आपला नेम; यंदाच्या श्राद्धाच्या आधीच त्यांनी भटजींना कळवून टाकलं, की चुलीपाशी कोणाला लागलं तर पान टाकून उठायचं, आई थांबेल. अनिरुद्धरावांनी दिला जन्मभर जपलेला विजय, तोही हातात आल्या दिवशीच. वाणीनं दिला एका बोटाचा तिसरा स्वर आणि पोटरीवर एक व्रण. या तिघांनी भरलं ते वरचं. मूळ रक्कम त्यांच्यातल्या कोणीच भरलेली नाही. ती भरली ओल्या रात्री फांदी सुटून खाली गेलेल्यांनी, एकेकानं आपला सगळा जीव देऊन, आणि पोचपावती घ्यायला त्यांच्यामागं कोणी उरलं नाही.